बारा बोर आणि वीस बोर

रहाटणीच्या आमच्या घरात दोन बंदुका होत्या. दोन्ही दुनळी. एक बारा बोरची, जड, काळपट दस्त्याची, आजोबांच्या वेळची. दुसरी वीस बोरची, हलकी आणि सडपातळ, अण्णांनी स्वतः घेतलेली. अण्णा म्हणजे माझे वडील. ते चिंचवडला एका कंपनीत टर्नर होते आणि सकाळचा भोंगा व्हायच्या आत सायकलवर टांग टाकून निघत. रहाटणी तेव्हा खेडंच होतं. आज वाकडच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभी राहिले की त्या बाजूला नुसत्या इमारतीच दिसतात, पण त्या काळी तिथे ज्वारी उभी असायची आणि ज्वारीत तित्तर बोलायचे. सकाळी चुलीवरचं पाणी तापायच्या आधी ते सुरू होत, मग दुरून कंपनीचा भोंगा होई, आणि मग आईची हाक. आमचा दिवस या तीन आवाजांनी उजाडायचा. तित्तर शेवटचा कधी ऐकला ते आता काही केल्या आठवत नाही.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असे. त्या दिवशी दुपारी अण्णा ओसरीवर गोणपाट अंथरत आणि दोन्ही बंदुका उघडून बसत. लांब गजाला कापडाची चिंधी गुंडाळून ती नळीतून आरपार ओढायची, पुन्हा तेलाची चिंधी, पुन्हा कोरडी. दस्त्याला जवसाचं तेल चोळायचं आणि तळहाताने घासत राहायचं, लाकूड गरम होईपर्यंत. तो वास अजून माझ्या नाकात आहे. आई माळकरी, तिला हे सगळं मनापासून नको असायचं, पण ती बोलायची नाही; फक्त त्या बाजूला पाठ करून गहू निवडत बसायची. शिकारीचं मटण तिच्या चुलीवर कधीच चढलं नाही. परसात शेवग्याखाली तीन दगड मांडलेले होते, तिथे अण्णा स्वतः शिजवत. गुरुवारी मारलेलं गुरुवारी खायचं नाही हा आईचा दंडक, म्हणून ससा किंवा तित्तर हळद-मीठ लावून टोपलीखाली झाकून ठेवत आणि शुक्रवारी पहिल्या शिफ्टवरून आल्यावर अण्णा अंगातला कंपनीचा खाकी शर्ट न काढता चूल पेटवत. काळा मसाला, भाजलेलं खोबरं, वर तेलाचा तवंग. आई आमच्यासाठी भाकरी थापून द्यायची, पण ताट लांबून सरकवायची.

बोर म्हणजे काय, हे मी अण्णांना बरेचदा विचारलं असणार, कारण मला उलटंच वाटायचं. वीस हा आकडा मोठा, तर वीस बोरची बंदूक मोठी असायला हवी. एका गुरुवारी त्यांनी मला नीट बसवून सांगितलं. "रत्तलभर शिसं घे. त्याचे सारखे बारा गोळे कर. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसंल ती बारा बोर. आता त्याच शिशाचे वीस गोळे केले, तर गोळा ल्हान झाला का न्हाई? मग त्याची नळी बी बारीक. ती वीस बोर."

आईने पाठमोरीच उत्तर दिलं, "म्हंजी लाडवासारखंच की. एवढ्याच पिठाचे कमी वळले, तर मोठे व्हत्यात."

अण्णा हसले. आईने बंदुकांविषयी काढलेले शब्द मला तेवढेच आठवतात.

दोन बंदुकांपैकी चांगली कोणती, यावरून आमच्या घरी सतत वाद चाले आणि त्या वादाचा दुसरा पक्ष होता बापूमामा. हा आईचा धाकटा भाऊ, निघोज्याचा. इंद्रायणीच्या काठाला त्यांची जमीन होती, थोडा ऊस, बाकी बाजरी आणि कांदा. उंच, रुंद खांद्यांचा, आणि बोलताना हात फार हलवणारा. सुट्टीच्या दिवशी तो सायकलवरून आमच्याकडे यायचा किंवा आम्ही त्याच्याकडे जायचो. अण्णांचं मत बारा बोरच्या बाजूने. तिच्या काडतुसात छर्रे जास्त मावतात, ते हवेत जास्त जागा व्यापतात, आणि रानडुकरासाठी जाड छर्रे घालायचे तर तीच हवी. मामाचं म्हणणं, दिवसभर काट्याकुट्यातून चालायचं, त्यात ते ओझं कशाला वागवायचं. "दाजी, तित्तर काय तुमची वाट बघत बसत न्हाई. भुर्रकन उठतो. तुमची ती म्हातारी खांद्याला लागंस्तवर तो पल्याडच्या शिवारात. माझी वीस बोर कशी, हाताचं बोट उचलल्यावानी उठती." बंदूक अण्णांची, परवाना अण्णांचा, पण मामा तिला नेहमी "माझी वीस बोर" म्हणायचा आणि अण्णांना त्याचं काही वाटत नसे. तेव्हा शिकारीला आजच्यासारखी बंदी आलेली नव्हती. परवाना असला की माणसं ससा-तित्तराला जात आणि उसात डुकरं शिरली की गाव बंदूकवाल्याला बोलावून नेई.

मला बंदूक हातात मिळाली ती कॉलेजमुळे. कॉलेजात मी एनसीसीत होते आणि तिथे आम्हा मुलींना साधी रायफल जमिनीवर पालथं पडून चालवायला शिकवत. माझा नेम बरा निघाला. अण्णांना मुलगा नव्हता, मी एकटीच. चुलते म्हणायचे, पोरीच्या हातात बंदूक शोभत नाही. अण्णांनी ते कधी मनावर घेतलं नाही. गुरुवारी मला सायकलवर पुढे दांडीवर बसवून, पुढे मोठी झाल्यावर मागे कॅरियरवर बसवून शिकारीला घेऊन जात. अण्णांच्या कंपनीत सुरक्षा खात्याचे प्रमुख म्हणून लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना कॅप्टनसाहेब म्हणत. त्यांनी निघोज्याच्या अलीकडे मुरमाच्या एका बंद पडलेल्या खाणीत चकत्यांची नेमबाजी सुरू केली होती. चाकणच्या कुंभाराकडून बशीएवढ्या, अर्धवट भाजलेल्या मातीच्या चकत्या आणायच्या, त्या यंत्राने हवेत उडवायच्या आणि उडतानाच फोडायच्या. ते यंत्र अण्णांनी बनवलं होतं, एका भंगार ट्रकच्या पाट्याच्या स्प्रिंगचं. चकती फुटली की लाल धुळीचा एक फुगा उठे आणि वाऱ्यावर जाई. मला ते फार आवडायचं, कारण त्यात रक्त नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

सुरुवात अर्थात वीस बोरने झाली. अंगकाठी किरकोळ, खांद्यावर मांस नाही, त्यामुळे सगळ्यांचं एकमत की हिला हलकी बंदूक. पण हलकी बंदूक उचलायला सोपी असली तरी तिची लाथही खांद्याला लगेच कळते, हे कॅप्टनसाहेबांनी मला दाखवून दिलं. एके दिवशी त्यांनी स्वतःची बारा बोर माझ्या हातात दिली. तिचं वजन हातात आलं तेव्हा मला वाटलं, हे आपल्याने होणार नाही. "घाई करू नको," ते म्हणाले. "वजनच तुझ्या बाजूने आहे. एकदा फिरायला लागली की ती आपणहून फिरत राहते, मधेच थांबत नाही. आणि काडतूस मी हलक्यातलं दिलंय." मी चाप ओढला. चकती फुटली. दुसरीही फुटली. खांद्याला धक्का बसला पण तो ढकलल्यासारखा, वीस बोरसारखा ठोसा नव्हता. त्या दिवसानंतर मी खाणीत बारा बोरच मागू लागले. मामाने तोंड वाकडं केलं. "शालन पन म्हातारीच्या पार्टीत गेली," तो म्हणाला, आणि मग मला त्याने त्याच्या खिशातले भुईमुगाचे दाणे दिले.

त्या हिवाळ्यात मामाचं एक मोठं काम होत आलं होतं. अण्णांच्या कंपनीत भरती निघाली होती, मुलाखत झाली होती, आणि मामाची निवड झाली होती. उरली होती फक्त डॉक्टरी तपासणी. निघोज्यातून कंपनीत जाणारा तो पहिलाच. आमच्या मामीने त्यासाठी शिंपी बसवून दोन विजारी शिवून घेतल्या होत्या. आई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमचा बापू आता शिफ्टमध्ये जाणार. तिच्या तोंडी तो शब्द इतका कौतुकाने यायचा की ऐकणाऱ्याला हसू येई.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघोज्याला होतो. सकाळी अण्णा, मामा आणि मी, असे तिघे ओढ्याकडेने तित्तरांसाठी निघालो. मामाच्या खांद्याला वीस बोर, अण्णांकडे बारा. मामाने अंगात जुना लष्करी कोट घातला होता आणि त्याच्या खिशात वीस बोरची काडतुसं भरली होती. उन्हं वर आली तरी फारसं काही हाताला लागलं नाही. आम्ही बांधावर बसून मामीने दिलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा खात होतो, तेवढ्यात पलीकडून गुराखी ओरडत आला की उसात डुकरं शिरलीत. मामाचाच ऊस. मामा भाकरी टाकून उठला. अण्णांनी आपली बारा बोर, बसताना रिकामी केलेली, त्याच्या हातात दिली, काडतुसांचा पट्टा त्याच्या गळ्यात अडकवला आणि वीस बोर आपल्याकडे घेतली. डुकराला वीस बोरचे बारीक छर्रे उपयोगाचे नव्हते, आणि ऊस मामाचा, पायही मामाचे चपळ. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मी ते पाहत होते आणि मलाही वाटलं नाही.

पुढे काय झालं ते समजण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. बारा बोरचं काडतूस वीस बोरच्या नळीत जाऊच शकत नाही, ते मोठं असतं. पण वीस बोरचं काडतूस चुकून बारा बोरमध्ये घातलं तर ते मागच्या तोंडाशी थांबत नाही. ते आत सरकतं आणि थोडं पुढे, जिथे नळी अरुंद होते, तिथे जाऊन अडकतं. बंदूक उघडून पाहिली तर जागा रिकामी दिसते. आपण काडतूस घालायचंच विसरलो, असं वाटतं. मग माणूस बारा बोरचं काडतूस घालतो, चाप ओढतो, आणि पुढचा रस्ता बंद असतो.

मामाने पळता पळता बंदूक मधोमध उघडली आणि सवयीने कोटाच्या खिशातलं काडतूस काढून आत घातलं. उसाच्या कडेला एक डुक्कर बाहेर आलं. त्याने चाप ओढला, नुसता टक आवाज झाला. आम्ही बांधावरून पाहत होतो. त्याने बंदूक उघडली, आत पाहिलं, या वेळी गळ्यातल्या पट्ट्यातलं काडतूस काढून घातलं, आणि पुन्हा बंदूक खांद्याला लावली. आवाज झाला तो बंदुकीचा नव्हता. लोखंड फाटल्याचा तो आवाज होता. अण्णांना तो माझ्या आधी कळला, कारण ते दिवसभर लोखंडातच वावरणारे. ते धावत सुटले तेव्हा मी अजून उसाकडेच पाहत होते.

मी पोहोचले तेव्हा मामा उभाच होता. ओरडत नव्हता. डावा हात त्याने छातीशी धरला होता आणि कोटाची बाही भिजत चालली होती. नळी जिथे फाटली होती नेमका तिथेच त्याचा डावा हात होता. अण्णांनी डोक्याचा पटका सोडून त्याच्या हाताला गुंडाळला आणि मनगट घट्ट आवळून धरलं. मामा मला म्हणाला, "शालन, तिकडं बघू नगं. जा, मामीला सांग, बैलगाडी जुपा म्हनावं." मी पळत गेले. चाकणपर्यंत बैलगाडी, तिथून एका ट्रकवाल्याने पुढे बसवून नेलं, आणि पुण्याच्या दवाखान्यात त्याच्या हाताचं जे काही वाचवता येण्यासारखं होतं ते वाचवलं. अंगठा राहिला आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं. बाकी गेलं.

पोलीस आले, पंचनामा झाला, फाटलेली बंदूक ते घेऊन गेले. मामाने खाटेवरूनच जबाब दिला की काडतूस मीच घातलं, दाजींचा यात काही संबंध नाही. ते खरंच होतं. पण अण्णांनी ते स्वतःपुरतं कधी मान्य केलं नाही. पट्टा गळ्यात अडकवताना 'आधी खिसे रिकामे कर' एवढं वाक्य बोलायला हवं होतं, असं ते एकदाच आईला म्हणाले. आईने ऐकून घेतलं. तिने त्यांना दोष दिला नाही आणि धीरही दिला नाही. तिचा भाऊ होता तो. त्या काळात आमच्या आळीत प्रेस मशीनवर बोटं गेलेले दोघे-तिघे होते. कामगारांच्या वस्तीत असा हात कुणी वळून पाहत नाही. पण ती बोटं कंपनीत जाऊन गेलेली होती. बापूमामाची कंपनीत जायच्या आधीच गेली. डॉक्टरी तपासणीला तो गेलाही नाही. मामीने त्या दोन विजारी कुणाला तरी देऊन टाकल्या.

आता ऐंशीकडे झुकताना मला कळतं की वीस बोरची काडतुसं आजकाल पिवळ्या रंगाचीच का करतात. दुरूनही चूक होऊ नये म्हणून. आमच्याकडच्या दोन्ही पेट्यांतली लालच होती. जगात कुठे कुठे असे हात गेले असतील, तेव्हा कुणीतरी तो रंग ठरवला असेल. मोबाइलवर माझ्या नातवाने मला एकदा बंदुकांच्या चर्चा दाखवल्या. बारा घ्यावी की वीस, यावर माणसं पानंच्या पानं लिहितात, वजन, लाथ, छर्ऱ्यांचा फैलाव. सगळं बरोबरच लिहितात. मी ते वाचून फोन त्याला परत दिला.

त्या हिवाळ्यानंतर गुरुवार आमच्या घरी मुक्याने जाऊ लागले. अण्णांनी वीस बोर कपाटात ठेवून कुलूप लावलं. गोणपाट अंथरलं गेलं नाही. परसातल्या तीन दगडांच्या फटीत गवत उगवलं. ते निघोज्याला जात, मामाच्या शेतात कांदा लावू लागत, मोटेवर उभे राहत, संध्याकाळी परत येत, पण मामाशी फार बोलत नसत. मामा बोलायचा, पूर्वीसारखंच, फक्त हात हलवायचा नाही. डावा हात तो धोतराच्या निरीत खुपसून ठेवी. मी खाणीकडे जायचं सोडलं होतं. कॅप्टनसाहेबांनी अण्णांना दोनदा विचारलं, मुलीला पाठवत का नाही, जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. अण्णा म्हणाले, "न्हाई साहेब. झालं ते बास झालं."

उन्हाळा लागल्यावर एका गुरुवारी सकाळी बापूमामाच आमच्याकडे आला. सायकल भिंतीला लावून आत आला, आईच्या हातचा चहा घेतला आणि अण्णांना म्हणाला, "दाजी, ती वीस बोर अजून ठिवलीया म्हनं?"

"हाय," अण्णा म्हणाले. "जमा करणार हाय ठाण्यात. पन शालनला खेळायचंच असलं पुढं कधी, तर ती एकच ऱ्हाईल घरात. बारा बोर पुन्हा या उंबऱ्याच्या आत यायची न्हाई."

"का?"

अण्णांनी मामाच्या निरीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

मामाने हात बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. घरात आम्ही सगळेच होतो. इतक्या महिन्यांत तो हात उजेडात मी पहिल्यांदा नीट पाहिला. "दाजी, आयका माझं. वीस बोर ठिवायची म्हंजी तित्तर-सशाला जायचं. ते मला न्हाई जमायचं आता, आन तुमाला बी जमायचं न्हाई. मन लागायचं न्हाई आपलं. पन पोरगी चकत्या फोडती. त्याला बारा लागती, साहेबांनीच सांगितलंय. तिचा हात बसलाय तिच्यावर. बंदुकीनं माझं काय केलं न्हाई. खिशानं केलं." मग त्याने चहाची बशी बाजूला सारली. "दोन बोर एका घरात नगंत, हे तुमचं खरं. पन मग जी पोरीच्या कामाची ती ठिवा."

"मला ती तिच्या खांद्याला बघवायची न्हाई, बापू."

"मग तुमी बघू नगा," मामा म्हणाला. "मी बघतो."

त्या दुपारी तो मला खाणीत घेऊन गेला. कॅप्टनसाहेब होते, आणखी दोघं-तिघं होते. मामाला पाहून ते पुढे आले. त्याने त्यांना नमस्कार केला आणि साहेबांकडून बारा बोर मागून माझ्या हातात दिली. डावा हात नळीखाली धरायचा असतो, आणि तो तिथे न्यायला माझं मन तयार होत नव्हतं. मी बंदूक खाली घेतली. मामाने काही समजूत घातली नाही. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, माझ्या हातातच बंदूक उघडली आणि म्हणाला, "वर धर. आभाळाकडं. आता नळीतनं बघ. पल्याडचं दिसतंय?"

"दिसतंय."

"दोन्हीतनं?"

"दोन्हीतनं."

मग त्याने पेटीतून काडतूस काढलं, उलटं करून त्याच्या पितळी बुडावरचा आकडा बोटाने चाचपला आणि मोठ्याने वाचला. "बारा." ते माझ्या हातावर ठेवलं. दुसरं काढलं. "बारा." मी बंदूक बंद केली. यंत्राची स्प्रिंग सुटली, चकती उडाली, आणि मी चाप ओढला. चकती शाबूत राहिली आणि पलीकडच्या मुरमावर जाऊन पडली. दुसरीही चुकली. मामा फक्त एवढंच म्हणाला, "उघड. नळीतनं बघ." आणि पुन्हा तेच. त्या दुपारी त्याने प्रत्येक वेळी मला आभाळाकडे नळी धरायला लावली आणि प्रत्येक काडतुसाचा आकडा वाचला. कुणी कंटाळलं नाही. कधीतरी एक चकती फुटली आणि लाल धूळ उठली. मामाने डावा हात वर करून डोळ्यांवर धरला, उन्हाआड धूळ जाताना पाहण्यासाठी. हात लपवायचं तो विसरला होता.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मी शेवटून कुठेतरी आले. पुढे काही वर्षं खेळले, दोन-चार पेले मिळाले, लग्नानंतर सुटलं. त्याचं मला फार काही वाटत नाही. शिकारीला मात्र आमच्या घरातलं कुणी पुन्हा गेलं नाही, आणि लवकरच कायद्यानेही ती बंद झाली. निघोज्याच्या त्या उसाच्या जागी आता गाड्यांचे सुटे भाग करणारा कारखाना आहे आणि ज्या ओढ्याने आम्ही चाललो होतो त्याला सिमेंटच्या भिंती आहेत. मामाचा नातू तिथे इंजिनियर आहे. तो मला कधीतरी गाडीतून न्यायला येतो.

पण मला लिहायचं आहे ते खाणीतल्या त्या दुपारनंतरच्या गुरुवारचं. वीस बोर जमा करायला अण्णा निघाले, बरोबर मामा आणि मी. कपाटातून काढल्यावर अण्णांनी ती पुसली, जवसाचं तेल लावलं, जणू कुणाला भेट द्यायची आहे, आणि गोणपाटात गुंडाळली. ठाण्यात टेबलामागे एक वयस्कर हवालदार होते. त्यांनी परवाना पाहिला, बंदूक उघडून पाहिली, उचलून खांद्याला लावून पाहिली. म्हणाले, "चांगली चीज आहे. का जमा करताय?"

अण्णांनी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मग टेबलाच्या कडेला हात टेकून खाली पाहत उभे राहिले. मी घाबरले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

बापूमामा पुढे झाला. डावा हात त्याने सरळ टेबलावर ठेवला, हवालदारांच्या समोर. हवालदारांनी हाताकडे पाहिलं, मग मामाच्या चेहऱ्याकडे.

"आमची पोरगी नेमबाजी करती, साहेब," मामा म्हणाला. "तिला ही आता हलकी पडती. बारा बोर घ्यायचीय, म्हनून."

हवालदार माझ्याकडे वळले. "काय गं, खरं का?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी वही पुढे ओढली. लिहून घेतलं, अण्णांची सही घेतली. आम्ही बाहेर आलो. ऊन कडक होतं. मामा सायकल काढू लागला. उजव्या हाताने हँडल धरून, डाव्या हाताचा अंगठा आणि बोट ब्रेकच्या दांडीवर अडकवायची त्याची धडपड चालली होती आणि ती दांडी काही नीट दाबली जात नव्हती. अण्णा थोडा वेळ ते पाहत उभे राहिले. मग जवळ जाऊन त्यांनी मामाच्या हातातून सायकल घेतली, ब्रेकची सळई कुठून कुठे जाते ते वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "बापू, ही आज माझ्यापाशी ठिव. दोन्ही ब्रेक उजवीकडं घिऊन देतो."